चहा सोडू नका, ताटापासून लांब ठेवा

मे 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांच्या आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची. त्या जाडजूड अहवालात डाळी, तेल, मीठ, व्यायाम असं पुष्कळ काही होतं. चर्चा झाली ती मात्र एका सूचनेची : जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नका. फोनवरून फिरता फिरता या सूचनेतलं ‘जेवण’ गळून पडलं आणि ‘चहा-कॉफी घेऊ नका’ एवढंच उरलं.

पण सल्ला तसा नव्हता. आक्षेप चहावर नाही, चहाच्या वेळेवर आहे. हा फरक नीट कळला तर चहा न सोडता बराच फायदा करून घेता येतो, आणि ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांच्यासाठी तर हा फरक फार मोलाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. महाराष्ट्राचा आकडा 54.2 टक्के. म्हणजे आपल्या राज्यात दोघींपैकी एकीला, किंबहुना त्याहून थोड्या जास्तच जणींना.

चहात असतं तरी काय?

आपल्या कामापुरत्या दोनच गोष्टी लक्षात ठेवू. एक कॅफीन : तरतरी आणणारा पदार्थ, चहा आणि कॉफी दोन्हींत असतो. दुसरा टॅनिन : चहा जास्त उकळला की जिभेवर जो तुरटपणा येतो, कपाच्या आतल्या बाजूला जो तपकिरी डाग बसतो, तो याचा. टॅनिन हे वनस्पतींत असणाऱ्या तुरट द्रव्यांच्या एका मोठ्या कुटुंबातलं. या कुटुंबाला शास्त्रज्ञ पॉलिफेनॉल म्हणतात. इथे आपण सगळ्यांना मिळून टॅनिनच म्हणू.

आपल्या घरात येते ती बहुतेक सीटीसी चहा पावडर. यंत्राच्या दातेरी रुळांमधून पानं चिरडून, फाडून, वळवून तिचे बारीक दाणे करतात. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामातल्या मळ्यांत सुरू झाली. दाणे बारीक, म्हणून रंग आणि अर्क झटपट उतरतो. वर आपण ती आधणात टाकून आलं, वेलची घालून चांगली खळखळ उकळतो. कडक चहाची आपली आवड अशी थेट टॅनिनशी बांधलेली आहे. टपरीवरचा असो की पुण्यातल्या अमृततुल्यातला, त्या चहाचा ‘दम’ म्हणतात त्यात मोठा वाटा याच तुरटपणाचा.

लोखंडी कढईत चहा उकळून बघा

पुढचं सगळं समजायला एक छोटा प्रयोग पुरेसा आहे. लोखंडी कढईत बिनदुधाचा कडक चहा घाला आणि काही मिनिटं उकळा. चहाचा लालसर तपकिरी रंग जाऊन तो काळपट, शाईसारखा होईल. कढईतून उतरलेलं लोह आणि चहातलं टॅनिन यांची जोडी जमली, तिचा हा रंग. पूर्वी शाई आणि कापडाचा काळा रंग याच तत्त्वावर करत. टॅनिनसाठी त्यात हिरडा पडायचा. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात आजही आदिवासी कुटुंबं जो गोळा करतात, तोच हिरडा.

आता त्या काळ्या पाण्यात लिंबू पिळा. काळेपणा फिकट होत जातो, कारण आंबटपणामुळे ती जोडी सुटू लागते.

पोटात थोडंफार हेच घडतं. पालक, मेथी, नाचणी, डाळी, तीळ, गूळ यांतून मिळणारं लोह आधीच शोषायला अवघड. शाकाहारी ताटातल्या लोहाचा जेमतेम 5 ते 10 टक्के भाग रक्तात पोचतो, बाकीचा शरीराबाहेर जातो. (मांस-मासळीतलं लोह वेगळ्या स्वरूपात असतं, ते सहज शोषलं जातं आणि चहाचा त्याच्यावर परिणामही बराच कमी होतो.) या जेमतेम भागासाठी आतडं धडपडत असताना वरून चहा आला की टॅनिन त्या लोहाला धरून ठेवतं. असं धरलेलं लोह आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. खाल्लेलं लोह पोटात असतं, पण अंगी लागत नाही.

नुकसान किती होतं? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पावाच्या खाण्याबरोबर काळा चहा दिला, तेव्हा लोहाचं शोषण 79 ते 94 टक्क्यांनी घटलं. 1983 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, मांस असलेल्या जेवणासोबत कॉफी घेतल्यावर घट 39 टक्के आणि चहा घेतल्यावर 64 टक्के होती. जेवण कोणतं, चहा किती कडक यावर आकडा हलतो, पण दिशा हलत नाही. आणि यात चहा कॉफीपेक्षा पुढे आहे, हेही दिसतं.

याच गुणाचा उपयोगसुद्धा होतो. काही आजारांत शरीरात लोह गरजेपेक्षा जास्त साठतं, थॅलसेमियाचे काही प्रकार त्यांतले. अशा रुग्णांना डॉक्टर कधी कधी मुद्दाम जेवणाबरोबर चहा घ्यायला सांगतात.

कांदेपोहे, लिंबू आणि चहा

आपल्या नाश्त्याची बशी जवळून पाहू. पोह्यांत थोडं लोह आहे, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर आहे. शेवटी पिळलेलं लिंबू ही सगळ्यात हुशारीची गोष्ट, कारण त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला शोषायला सोप्या रूपात आणतं. इथपर्यंत ज्या कुणी हा पदार्थ असा घडवला, तिला नमस्कार करावा. मग त्याच घासांबरोबर आपण वाफाळता चहा घेतो आणि लिंबाने केलेल्या कामावर बरंचसं पाणी पडतं.

उपाय साधा आहे. सकाळी उठल्यावर चहा घ्या आणि नाश्ता तासाभराने करा. 1983 च्या त्याच अभ्यासात असं दिसलं होतं की जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने लोहाचं काहीच नुकसान झालं नाही. जेवणानंतर तासाभराने घेतली तेव्हा मात्र बरोबर घेतल्याइतकंच झालं. चहाबद्दल 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास थोडा दिलासा देतो : खाण्यानंतर तासभर थांबून चहा घेतला तर परिणाम सौम्य झाला, पण पूर्ण गेला नाही. मला यातून कळतं ते असं, की खाण्याआधीचा चहा निर्धास्त घ्यावा आणि खाण्यानंतरचा जमेल तितका लांबवावा. तास ही किमान मर्यादा, दोन तास झाले तर उत्तम.

या हिशेबात आपला दुपारी चारचा चहा अगदी योग्य जागी बसला आहे. दुपारचं जेवण होऊन दोन-तीन तास झालेले असतात, रात्रीचं लांब असतं. बदलायचा आहे तो नाश्त्याबरोबरचा कप आणि जेवण झाल्या झाल्या ‘अर्धा अर्धा’ म्हणून येणारा चहा. चहा-पोळी किंवा चहा-चपाती हेच ज्यांचं सकाळचं पूर्ण खाणं आहे, त्यांनीही तेवढी पोळी भाजीबरोबर किंवा चटणीबरोबर खाऊन पाहावी.

‘पण आमच्या चहात दूध असतं’

दुधातली प्रथिनं टॅनिनला बांधतात, म्हणून दुधाचा चहा चालत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. 1999 च्या प्रयोगात हे तपासलं होतं : दूध घातल्याने चहा-कॉफीच्या या परिणामात जवळपास काहीच फरक पडला नाही. ग्रीन टी घेऊनही सुटका नाही, कारण त्यातही तुरट द्रव्यं भरपूर. कॅफीन काढलेल्या कॉफीचंही तेच, कारण लोह अडवण्याचं काम कॅफीन करत नाही. त्याच प्रयोगात पुदिन्याच्या पानांचा काढा आणि कोको यांनीसुद्धा लोह अडवलं होतं. म्हणून ‘हर्बल’ लिहिलेल्या पुड्यालाही वेळेचा हाच नियम लावावा.

‘आजी आयुष्यभर जेवणावर चहा प्यायली, तिला काही झालं नाही’

आजीचं खरं असू शकतं. ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा पुरेसा आहे, जे मासे-मटण खातात, ज्यांची पाळी थांबली आहे, अशांना जेवणाबरोबरच्या चहाने फारसा फरक पडत नाही. बहुतेक निरोगी पुरुषांनाही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी येणाऱ्या स्त्रीला 29. दर महिन्याला लोह गमावणारी, शाकाहारी किंवा क्वचितच मांसाहार करणारी, सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई ज्या काठावर उभी असते, तिथे हा एक कप जड जातो. वयात आलेल्या मुली आणि गरोदर बायकांचंही तसंच.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. चहा हे रक्तक्षयाचं मुख्य कारण नाही. अपुरा आहार, पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले जंत, पाठोपाठची बाळंतपणं ही मोठी कारणं आहेत. दमलेल्या बाईच्या हातातला कप पाहून ‘तुझं रक्त या चहामुळेच कमी’ असं घरात कुणी म्हणू नये. दिवसभरात ती निवांत बसते ती अनेकदा त्या कपापुरतीच. तो कप तिच्याकडून काढून घेण्यात काही शहाणपण नाही. तो तासभर मागेपुढे करायला मदत करावी, आणि तिच्या ताटात भाजी, डाळ, लिंबू नीट पडतंय ना, तेही पाहावं.

कॅफीन : किती आणि कधीपर्यंत?

आता दुसऱ्या पदार्थाकडे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन हळूहळू साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की आपल्याला झोप येऊ लागते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी आधीच जागा धरून ठेवतं, तसं कॅफीन करतं : अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवतं. थकवा कुठे गेलेला नसतो, तो गाडीत उभा असतो. कॅफीन उतरलं की तो मिळेल त्या जागेवर बसतो, म्हणून चहाचा असर संपल्यावर एकदम गळून गेल्यासारखं वाटतं.

घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण 5 तास लागतात. कुणाला दोन, कुणाला आठ-नऊ. रात्री नऊला कॉफी घेऊन दहाला घोरणारी माणसं आणि संध्याकाळी सहाच्या चहाने पहाटेपर्यंत कूस बदलणारी माणसं एकाच घरात असतात, ती यामुळे. 2013 च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर झोप तासाहून जास्त कमी झाली. ही मात्रा मोठी होती, पण ‘संध्याकाळचं घेतलेलं रात्रीपर्यंत उतरतंच’ हा समज त्यातून मोडतो. झोपेची तक्रार असेल तर गोळी मागण्याआधी पंधरा दिवस चारनंतरचा चहा बंद करून पाहावा.

आयसीएमआरने मोठ्या माणसासाठी दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. 150 मिलिलिटरच्या कपात चहात 30 ते 65, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि कॉफी पावडर गाळून केलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन असतं, असं त्यांचं कोष्टक आहे. चहाचे चार कप कडक धरले तरी मर्यादेत बसतात. गाळलेल्या कॉफीचे तीन मोठे मग मात्र ती ओलांडू शकतात. कॉफी पावडरीत मिसळलेल्या चिकोरीत कॅफीन नसतं. ती एक भाजलेली मुळी आहे.

गरोदरपणात कॅफीन शरीरातून फार हळू निघतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. त्या काळात दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहावं, असा बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे रोजचे दोन कप चहा चालतील.

रोज चहा घेणाऱ्याला एखाद्या उपासाच्या दिवशी डोकं दुखतं, तेही कॅफीनचंच. ठरवून कमी करायचं असेल तर एकदम तोडू नये, आठवड्याला एकेक कप कमी करावा.

साखर, गूळ आणि टपरी

खरं सांगायचं तर रक्तात लोह कमी नसलेल्या बहुतेकांना चहातल्या टॅनिनपेक्षा साखर जास्त महागात पडते. एक चमचा साखर म्हणजे 4 ते 5 ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे 32 ते 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. चहाबरोबरची बिस्किटं, खारी अजून यात धरलेलीच नाहीत.

गुळाच्या चहाची दुकानं गावोगाव निघाली आहेत. चव म्हणून जरूर प्यावा. मला स्वतःला पावसाळ्यात तोच आवडतो. मधुमेहींनी मात्र तो साखरेचाच चहा समजावा. गुळातलं लोह हा त्याच्या बाजूने दिला जाणारा मुद्दा तर फारच लंगडा आहे : लोह चमच्याला मुळात अगदी थोडं, आणि ते तुम्ही टॅनिनमध्येच विरघळवता आहात.

साखर कमी करायला जीभ तयार होते, वेळ लागतो एवढंच. दोनचा दीड, दीडचा एक, असं दर महिन्याला उतरत गेलं की काही काळाने जुना चहा गोडमिट्ट लागू लागतो.

पित्त, चटका आणि लहान मुलं

रिकाम्या पोटी चहाने पित्त होतं, ही तक्रार खरी आहे, पण सगळ्यांची नाही. कॅफीनमुळे जठरातलं आम्ल वाढू शकतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडू शकते. ज्यांना त्रास होतो त्यांनी आधी पाणी पिऊन, मूठभर लाह्या किंवा एखादं केळं खाऊन मग चहा घ्यावा. चहाने शरीरातलं पाणी कमी होतं, हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. नेहमीच्या प्रमाणात घेतलेला चहा पाणी भरूनच काढतो.

फार गरम पिणं टाळावं. 65 अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला ‘बहुधा कारणीभूत’ असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये सांगितलं. दोष पेयाचा नव्हता, तापमानाचा होता. कॉफीला तर त्याच वेळी तिने जुन्या संशयित यादीतून बाहेर काढलं. बशीत ओतून, फुंकर घालून पिणारे लोक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत.

‘चहा प्यायलास तर काळा होशील’ असं मुलांना सांगतात. त्वचेच्या रंगाचा चहाशी काही संबंध नाही आणि काळं असण्यात वाईट काही नाही, त्यामुळे हे वाक्य घरातून जायलाच हवं. पाच वर्षांखालच्या मुलांना चहा-कॉफी देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मात्र पाळावा. चहात बिस्किट बुडवून भरवलेल्या मुलाचं पोट भरतं, भूक मरते आणि जेवणातलं लोहही अडतं.

मग चहा-कॉफीने फायदा काहीच नाही?

आहे. ब्रिटनमधल्या सुमारे 5 लाख लोकांची माहिती तपासून 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा, तोही बहुतेक काळा चहाच, पिणाऱ्यांमध्ये त्या काळातला मृत्यूचा धोका चहा न पिणाऱ्यांपेक्षा 9 ते 13 टक्के कमी होता, दूध-साखर घातली तरीही. कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेह आणि यकृताचे आजार कमी आढळतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. अशा पाहण्यांतून नातं कळतं, कारण सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांना चहा आवडत नाही त्यांनी औषध म्हणून सुरू करू नये. ज्यांना आवडतो त्यांना अपराधी वाटायचंही कारण नाही. जायफळ घातलेली दुधाची कॉफी तर आपल्याकडे कौतुकाने केली जाते; ती त्याच कौतुकाने प्यावी.

गोळी चहाबरोबर नको

वेळेचा हा नियम सगळ्यात काटेकोरपणे पाळायचा तो औषधांच्या बाबतीत. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी घ्यायची नसते. कॉफीमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे. डोस वाढवूनही रिपोर्ट सुधारत नसेल तर डॉक्टरांना आपली चहाची वेळही सांगावी.

आणि लोहाची गोळी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस रोज एक गोळी सरकारी दवाखान्यातून मिळते. तीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. गोळीने मळमळतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते, म्हणून पुष्कळ जणी ती चहाच्या घोटाबरोबर गिळतात. आशाताईंनी घरपोच आणून दिलेली गोळी अशी बरीचशी वाया जाते. ती रात्री जेवणानंतर तास-दोन तासांनी, झोपण्याआधी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. झोपेत मळमळ फारशी जाणवत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाला अडवते, म्हणून ती सकाळी वेगळी घ्यावी. शौचाला काळसर होतं, ते गोळीतल्या न शोषलेल्या लोहामुळे. त्याला घाबरून गोळी बंद करू नये. आणि सकाळचा चहा तिने रोजच्यासारखा, आयता हातात मिळत असेल तर फारच चांगलं, नाश्त्याच्या तासभर आधी घ्यावा.